राग येतो म्हणजे विश्वास कच्चा का?

"ताई, रोज प्रार्थना करते, रविवारची उपासना चुकवत नाही, तरी राग आवरत नाही. माझा विश्वासच कच्चा आहे का?" नगरच्या ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी जणींनी मला हे विचारलंय.

त्यातल्या एकीचं सांगते, ओळख पटेल ते सगळं बदलून. ती नर्स. नवरा परगावी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा दहावीत. एकदा रात्रपाळीहून आली, मुलगा मोबाइलवर दिसला आणि हातातला स्टीलचा डबा तिने भिंतीवर भिरकावला. मग गुडघे टेकून रडली.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटी "मी वाईट आहे" यातच गेल्या. चौथ्या भेटीत तिने पर्समधून बायबल काढलं. इफिसकरांस पत्र 4:26. 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' याखाली लाल पेन्सिलीची दुहेरी रेघ.

"वचन सुरुवातीपासून वाचाल?"

"तुम्ही रागवा, परंतु पाप करू नका..." ती अडखळली. "रागवा?"

त्या शब्दावर बोट ठेवून ती बसून राहिली. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं, एवढं इतक्या वर्षांत मी कमावलंय. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी देवाकडे क्षमा मागते. पण राग कशाचा येतो, ते त्याला कधी सांगितलंच नाही."

सौम्यता म्हणजे गिळून टाकणं, असं आपण मुलींना शिकवतो. गिळलेलं जिरत नाही. बायबलमधला दावीद राजा गिळत नाही. त्याचं 13वं स्तोत्र सहाच वचनांचं, पण पहिल्या दोनांत तो देवाला चार वेळा 'कोठवर?' विचारतो. शेवटी तो गातो, पण गाऱ्हाणं घातल्यावर.

तिला म्हटलं, घरी आल्यावर आधी स्वयंपाकघरात जा, पाणी प्या, ते स्तोत्र मोठ्याने म्हणा आणि त्यात तुमचं 'कोठवर' घाला. पहिलंच निघालं, "कोठवर मी एकटीने सासूबाईंचं करू?" त्याच आठवड्यात तिने नवऱ्याला फोन करून ते सांगितलं. संयम आला तो त्यानंतर. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळात, म्हणजे पवित्र आत्मा माणसात जे गुण रुजवतो त्यांत, इंद्रियदमन म्हणजे संयम शेवटी येतो, प्रीती आधी. आणि फळ धरायला ऋतू जावा लागतो, म्हणून घाई करू नका.

मुलावर राग निघालाच, तर मात्र क्षमा आधी मुलाची मागा. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभू येशूच सांगतो. तिने मागितली. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो चेपलेला डबा ओट्यावर ठेवून, बत्त्याने ठोकून झाकण बसेल इतपत सरळ केला.