कबड्डी आणि लांब उडी दोन्ही चांगली असेल, तर कॉलेजात एकच खेळ धरावा का?

तुमचा पुतण्या यंदा तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळला आहे, लांब उडी आणि 400 मीटरही चांगली आहे. शाळेतले सर म्हणतात एकच धर, कॉलेजचे सर म्हणतात सगळंच खेळ. कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या वर्षी दोन खेळ खेळू द्या, तिसरा नको. दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये एक मुख्य ठरवा. पण "सगळंच खेळ" हा सल्ला कशापोटी आला, ते आधी बघा. आपल्याकडच्या लहान कॉलेजांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघच पूर्ण होत नाहीत. मग एकच चपळ पोरगा कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री अशा सगळ्या याद्यांत जातो. कॉलेजचं काम भागतं, पोराचा गुडघा मात्र कायमचा दुखत राहतो. हे चूक आहे आणि पालकांनी तसं तोंडावर सांगायला हरकत नाही.

धावणं, उड्या आणि कबड्डी यांत सतराव्या-अठराव्या वर्षी एकच दार निवडावं लागत नाही. माणदेशातल्या ललिता बाबर आधी खो-खो खेळायच्या, पुढे 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत) अंतिम फेरीत धावल्या. बीडचे अविनाश साबळे सैन्यात भरती झाल्यावर स्टीपलचेसकडे वळले. दोघांनीही शेवटी सगळा जोर एकाच प्रकारात लावला, हेही तितकंच खरं. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा 25 पर्यंत असल्याने वर्षभर थांबून ठरवायला वेळ आहे.

आता जोडीचं बघू. खो-खो आणि 400-800 मीटर छान जमतं. कुस्ती आणि कबड्डीही जमतं. व्हॉलीबॉल आणि तिहेरी उडी एकत्र नको, कारण दोन्हींचा मार गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर पडतो. कबड्डी आणि लांब उडी ही मधली जोडी आहे. अडचण वजनाची. कबड्डीत पुरुष गटाला 85 किलोपर्यंत मुभा असते आणि कोपरा धरणाऱ्याला अंगात वजन हवंच असतं. उडीत तेच वजन आड येतं. तो चढाई करणारा असेल तर जोडी चालेल, पकडीचा खेळाडू असेल तर उडी लवकर सोडावी लागेल.

एक बारकी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गावात कबड्डी मातीवर, अनवाणी. वळताना पाय थोडा घसरतो आणि झटका जिरतो. विद्यापीठाची स्पर्धा मॅटवर, बूट घालून. तिथे पाय चिकटतो, वरचं अंग फिरतं आणि मध्ये सापडलेला गुडघा पिळला जातो. आतली अस्थिबंधनं तुटतात ती बहुतेक अशीच. म्हणून स्पर्धेआधी निदान तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा मॅटवर सराव मिळालाच पाहिजे. तालुक्याला मॅट नसेल तर जिल्हा क्रीडा संकुलात विचारा. उडीचंही तसंच. वाळूचा खड्डा रोज फावड्याने खणून मोकळा केला नाही तर ती जमीनच असते. पूर्ण रनअपच्या उड्या एका दिवशी 8-10, आठवड्यातून दोनच दिवस.

सरावाची बेरीज वहीत ठेवा. किती मिनिटं सराव झाला आणि किती जड गेला, 1 ते 10 मध्ये, यांचा गुणाकार करायचा. संध्याकाळी कबड्डी 90 मिनिटं, जडपणा 7, म्हणजे 630. सकाळी उडी 45 मिनिटं, जडपणा 5, म्हणजे 225. दोन्ही खेळांची आठवड्याची एकच बेरीज करा, पुढच्या आठवड्यात ती दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. पोलीस भरतीसाठी 1600 मीटर आणि गोळाफेकीचा सराव चालू असेल तर तोही याच बेरजेत. डांबरी रोडवरची पहाटेची धाव नडगीला सगळ्यात महाग पडते. सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी हेसुद्धा जड काम आहे. दिवसभर वाकून आल्यावर दुसऱ्या सकाळी पूर्ण वेगाने धावला की मांडीमागचा स्नायू ओढला जातो. परीक्षेने किंवा वावरातल्या कामाने दोन आठवडे खंड पडला तर निम्म्यापासून सुरू करा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. झोपेतून उठल्याबरोबर नाडी नेहमीपेक्षा 8-10 ठोक्यांनी जास्त, भूक नाही, झोप नाही, असं तीन दिवस दिसलं तर सराव निम्मा करा.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट नक्की करा: सिकलसेलची, म्हणजे इकडे बऱ्याच घरांत आढळणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची. वाहक असणारा, म्हणजे आजार नाही पण त्याचा दोष रक्तात आहे असा मुलगा खेळू शकतो. धोका असतो तो उन्हात, पहिल्याच आठवड्यात, दम न घेता एकामागून एक स्प्रिंट मारायला लावल्यावर. पेटका न येता पाय गळून गेले, श्वास लागला, तर "नाटक करतो" म्हणू नका. लगेच थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या आणि दवाखान्यात नेऊन तो वाहक आहे हे डॉक्टरांना सांगा. प्रत्यक्ष आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मैदानावर पाठवूच नका.

खाण्याला वेगळा खर्च लागत नाही. भाकर, घट्ट वरण, दोन-तीन अंडी आणि सरावानंतर मूठभर फल्लीदाणे-गूळ रोज मिळालं तरी बराच फरक पडतो.

जूनमध्ये मुख्य खेळ ठरवताना "कशात जास्त बक्षिसं" हे बघू नका. विद्यापीठाच्या निवड चाचणीत तो कुठवर पोचला, ते बघा. शासकीय नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण एका खेळात वरपर्यंत गेलेल्याच्या कामाचं. पाच खेळांतली तालुका पातळीची प्रमाणपत्रं तिथे चालत नाहीत. कोणती स्पर्धा कोणत्या गटाच्या पदाला धरतात, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आजच विचारून घ्या. मूळ प्रमाणपत्रं जपून ठेवा आणि त्यांची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून, अमरावती किंवा नागपूर जे तुमचं असेल तिथून, भरतीचा अर्ज भरायच्या आधी करून घ्या.