पावसाळ्यात पेंच-कन्हान नद्यांवर हौसेखातर गळ टाकायला जावं का?

जून ते ऑगस्ट गळ घरीच ठेवा. रोहू, कटला, मृगळ याच दिवसांत अंडी घालतात. पहिला लोंढा आला की मासे प्रवाहाच्या उलट चढतात नि काठच्या पाणी भरलेल्या गवतात शिरतात. तेव्हा पकडलेल्या मादीचं पोट जरा दाबलं तरी गाभोळी बाहेर येते. एका मादीसोबत लाखो अंडी जातात! मरळीचं तर आणखी वाईट. तिची लालसर पिल्लं पाण्यावर घोळक्यानं फिरतात, आईबाप खालून राखण करतात आणि गळाला लागतात ते नेमके हेच.

पेंच नदीवरचा तोतलाडोह जलाशय व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे बाराही महिने मासेमारी बंद. बाकी जलाशयांचे हक्क बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, म्हणून एरवीही आधी संस्थेला विचारा.

हौशी माणसाचे हे महिने सुने जातात, मान्य. पण मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर बांधवांच्या घरची चूल वर्षभर याच पिल्लांच्या भरवशावर पेटते. अगदीच राहवत नसेल तर ओळखीच्या शेततळ्यावर मालकाला विचारून बसा. तिथे मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, विकत आणून सोडलेलं असतं, नदीचं काही बिघडत नाही.