धूळ म्हणजे हामेत्स नव्हे

पुरीमचा सण झाला की या सदराच्या मेलमध्ये एकच विषय सुरू होतो तो म्हणजे पेसाह, मिसर देशातल्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याचा आपला ज्यूंचा सण, आणि लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच असतात, कुणी ठाण्याहून कुणी इस्राएलमधल्या अश्दोदहून, पण सूर एकच, मावशी खूप काम आहे, जमणार कसं. यंदा, म्हणजे २०२६ ला, सेदर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचं वाचन आणि जेवण, १ एप्रिलला बुधवारी संध्याकाळी आहे. हातात जेमतेम दोन आठवडे आहेत म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून आज फक्त पेसाहचीच पत्रं घेतेय.

मावशी, शालोम. मी ठाण्यात राहते, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. यंदा ३१ मार्चचं क्लोजिंग आणि हामेत्स शोधायची रात्र एकाच दिवशी आलीये. सासूबाई म्हणतात पडदे, गाद्या, माळा सगळं निघालंच पाहिजे, त्यांच्या वेळी अख्ख्या घराला चुना लागायचा. मी रात्री नऊला घरी पोचते. नवरा मदत करतो पण सांगेल तेवढंच. परवा किचनमध्ये उभ्या उभ्या रडायला आलं. काय करू?

बाळा, पहिल्यांदा माळ्यावरून खाली उतर. तोरामध्ये (आपल्या धर्मग्रंथात) खमीर घरातून काढायला सांगितलंय, माळा झाडायला नाही. हामेत्स म्हणजे गहू, जव, राय, ओट्स आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं, पाणी लागून फुगलेलं खाणं, पीठ भिजवून अठरा मिनिटं तसंच राहिलं की ते हामेत्स धरतात, बस. पडद्यावरची धूळ म्हणजे हामेत्स नव्हे. जिथे कुणी कधी पाव-बिस्किट घेऊन जात नाही ती जागा शोधायचीही गरज नाही असं धर्मशास्त्रच सांगतं. दिवाळीसारखी साफसफाई करायची हौस असेल तर जरूर करावी, पण ती पेसाहच्या खात्यात टाकू नये, आणि ज्या बाईचं क्लोजिंग चालू आहे तिच्यावर तर मुळीच टाकू नये.

मग बघायचं काय, तर किचन, फ्रिज, जेवायचं टेबल, सोफ्याच्या गाद्यांच्या फटी, पोरांची दप्तरं (डब्याच्या कप्प्यात चपातीचा तुकडा हमखास सापडतो), तुझी ऑफिसची पर्स, गाडी असेल तर गाडी. पोळपाट-लाटणं, चपातीचा तवा आणि कणकेचा डबा पहिल्यांदा बांधून वर ठेवून दे, यांना शुद्ध करत बसण्यात वेळ घालवू नकोस, आठ दिवस त्यांचं कामच नाही. स्टीलची भांडी घासून एक दिवस न वापरता ठेवायची, मग मोठ्या पातेल्यात खळखळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढायची आणि गार पाण्याने धुवायची, हे काम रविवारी नवऱ्याने आणि मुलांनी करायचं, गरम पाणी आहे म्हणून मोठ्या माणसाने. राहिलेला रवा, मैदा, शेवया, बिस्किटांची सीलबंद पाकिटं टाकून देऊ नकोस, एका कपाटात भर, चिकटपट्टी लाव आणि सिनेगॉगमध्ये हामेत्स विकायच्या यादीत नाव दे. इस्राएलमध्ये तर सरकार स्वतःच्या मालकीचं हामेत्स दरवर्षी एका बिगरज्यू माणसाला रीतसर विकतं, तर तुझ्या दोन किलो मैद्यात लाज कसली.

आता ३१ तारखेची रात्र. शोध घरातल्या कुणीही मोठ्या माणसाने घेतला तरी चालतो, तुझ्या नवऱ्याला सांग की हे त्याचं काम, सांगितलेलं काम नाही, त्याचं. अंधार पडला की आशीर्वाद म्हणायचा, पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून मुलांनी आधी लपवून ठेवलेले असतात (कुठे लपवले ते लिहून ठेवा, हे फार महत्त्वाचं), मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन फिरायचं, सकाळी ते जाळायचं. तू नऊला आलीस तर शेवटच्या तुकड्याला पोचशील. रजा शक्य असेल तर १ आणि २ ची टाक. ३ ला गुड फ्रायडेची सुट्टी असेलच. भारतात दोन सेदर, बुधवार आणि गुरुवार, आणि लगेच शुक्रवारी रात्री शब्बात (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) लागतो म्हणजे सलग तीन पवित्र दिवस, त्यामुळे बुधवारी दुपारी एरूव तावशिलिन विसरू नका, एक उकडलेलं अंडं आणि एक मत्सा (बिनखमिराची पोळी) बाजूला ठेवून आशीर्वाद म्हटला की शुक्रवारी शब्बातचा स्वयंपाक करता येतो.

सासूबाईंशी भांडू नकोस गं. त्यांच्या वेळी चुना लागायचा, तांब्या-पितळेची भांडी कल्हईला जायची, कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा आणि पोरं भोवती गोळा व्हायची, त्यांना ते दिवस आठवतात. त्यांना तांदूळ निवडायला द्या, हारोसेतचा (सेदरच्या ताटातल्या गोड लगद्याचा) खजूर द्या, आणि तो कल्हईवाला नातवंडांना सांगायला लावा.

एक सांगते, माझं माहेर पेणचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, घरात सगळ्यात धाकटी म्हणून मा निश्ताना मी म्हणायची, पंधरा दिवस पाठ केलेलं. आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, असं मी विचारलं आणि आईकडे बघितलं तर आई भिंतीला टेकून झोपलेली होती. तीन आठवडे तिने एकटीने घर धुतलं होतं. वडिलांनी पुढे वाचलं, कुणी तिला उठवलं नाही, पण मला अजून ते डोळ्यांसमोर आहे. सेदरला प्रश्न विचारणारं मूल आणि उत्तर देणारी आई दोघं जागी हवीत, तेवढं साधेल एवढंच काम काढ.

आम्ही अश्दोदला. शाळांना पेसाहच्या आधीच सुट्टी लागते, आम्हा दोघांना ऑफिस आहे, काइताना (मुलांचं सुट्टीतलं शिबिर) परवडत नाही. एक सात आणि एक दहा वर्षांचा मुलगा. मी जी खोली साफ करते तिथे तासाभरात चिप्स आणि बिस्किटांचा चुरा. वैताग आलाय.

खोल्या साफ करून ठेवायचा क्रम बदला. शेवटचे दोन दिवस सोडून आधी काही साफ करू नका, फक्त एक नियम आजपासून लावा की खाणं टेबलावरच, पाव आणि बिस्किटं घेऊन हॉलमध्ये फिरायचं नाही. शेवटच्या दोन दिवसात तर बाल्कनीत सतरंजी टाका आणि तिथेच खायला द्या, मुलांना पिकनिक वाटते आणि झाडायला एकच जागा राहते. तिकडे सुपरमार्केटमध्ये हामेत्सची शेल्फं पांढऱ्या प्लास्टिकने झाकतात ना, मुलांना ते दाखवा आणि घरातलं एक शेल्फ झाकायचं काम त्यांना द्या.

आणि मुलांकडून खरं काम करून घ्या, दहा वर्षांचा मुलगा मोठा आहे. आपलं काळ्या मनुकांचं शरबत तो करू शकतो, मनुका धुवून रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या (तुम्ही शेजारी उभ्या राहा), गार झाल्या की हाताने कुस्करून फडक्यातून गाळायच्या. बाटलीतला ग्रेप ज्यूस सगळीकडे मिळतो माहितीये, पण सेदरच्या चार प्याल्यांतला एक तरी त्याने केलेल्या शरबताचा असू दे. धाकट्याला मा निश्ताना, हिब्रू तर शाळेत येतंच, तुम्ही मराठीत शिकवा. दिवसाच्या सोयीचं म्हणाल तर सुट्टीत मुलं घरी असलेल्या आणखी दोन घरांशी बोला, एक दिवस तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे, लोदला आम्ही असंच केलं होतं.

मुलाचं लग्न अश्केनाझी (युरोपातून आलेल्या ज्यूंच्या) घरात झालं. सून फार गोड आहे पण त्यांच्यात पेसाहला भात चालत नाही, डाळी नाहीत. पहिल्यांदाच सेदर आमच्याकडे आहे, व्याही पण येणार. भाताशिवाय मी पानात वाढू काय? बिरशेबाहून.

अहो ताई, हा प्रश्न इस्राएलमध्ये घरोघरी आहे. अश्केनाझी लोक तांदूळ, डाळी, शेंगा, मका यांना कितनियोत म्हणून पेसाहला टाळतात, ते हामेत्स नाही हे त्यांनाही मान्य आहे, पण शेकडो वर्षांचा रिवाज आहे. आपल्या बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, भाताशिवाय कधीच भागलं नाही, आपण कोकणचे. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत, तेव्हा सुनेला "एक दिवस खाल्लास तर काय होतं" असं कृपा करून कुणी म्हणू नका, तिच्या आईवडिलांसमोर तर अजिबात नको.

सेदरच्या रात्री सगळ्यांना चालेल असंच करा, भात दुसऱ्या दिवसापासून तुमच्या घरी आहेच. आपला स्वयंपाक याला किती सोयीचा आहे बघा, मटणाबरोबर दूध-दही नाही म्हणून आपण पिढ्यान्पिढ्या नारळाचं दूध वापरतो. नारळाच्या दुधातलं कोंबडीचं सांबारं, बटाट्याची सुकी भाजी, हिरव्या मसाल्यातला मासा, वांग्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर दह्याशिवाय लिंबू पिळून, हे सगळं व्याह्यांच्या पानात चालेल. फक्त फोडणीत मोहरी घालू नका, तीही ते टाळतात, आणि तेल कुठलं चालतं ते सुनेलाच विचारून आणा, सोयाबीन किंवा मक्याचं नको.

आता महत्त्वाचं, हिंग. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, लेबल वाचलंत तर दिसेल. म्हणजे ते तुम्हालाही चालत नाही, फक्त सुनेलाच नाही. किती घरांत मी बघितलंय की ओटे घासघासून चकचकीत केलेत आणि फोडणीत हिंग पडलंय. तसंच सोया सॉसमध्ये गहू असतो, माल्ट व्हिनेगर आणि माल्टची पेयं जवाची. मसाले गिरणीतून दळून आणत असाल तर त्याच जात्यावर आधी गहू गेलेला असतो, तांदळाच्या पिठाचंही तेच, भाकरीसाठी पीठ हवं तर तांदूळ धुवून वाळवून घरी मिक्सरला दळा. तांदूळ तीन वेळा निवडायचा, गव्हाचा दाणा राहू नये म्हणून, दिवसाउजेडी आणि मुलं मांडीवर नसताना.

सुनेलाही तिच्या घरचं एक काहीतरी करू द्या. मत्साच्या चुऱ्याचे गोळे घातलेलं सूप त्यांच्याकडे असतंच. त्यांचं हारोसेत सफरचंद-अक्रोडाचं, आपलं खजुराचं, दोन्ही वाट्या ताटात ठेवा, मिसर देशातल्या गुलामीत थापलेल्या विटांच्या चिखलाची ती आठवण दोन्ही घरी एकच.

मी पुण्याची, ज्यू नाही. शेजारच्या काकूंनी सेदरला बोलावलंय. मिठाई नेऊ का? आणि त्याच सुमारास हनुमान जयंती असते दरवर्षी, हा योगायोग आहे का?

मिठाई नको, बेकरीचं तर अजिबात नको. फुलं किंवा न कापलेली फळं न्या. जेवण उशिरा मिळेल, आधी बराच वेळ वाचन असतं, तर संध्याकाळी घरून थोडं खाऊन जा, पण भरपेट नाही. उपास करणारं घर असेल तुमचं तर काकूंना साबुदाणा आणि शिंगाड्याचे प्रकार शिकवा, त्यात गहू नसतोच, पीठ मात्र कुठे दळलं ते बघावं लागतं.

दुसरं, योगायोग नाही. पेसाह निसान महिन्याच्या पंधराव्या रात्री, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास, आणि आपली चैत्र पौर्णिमाही तेव्हाच. हिब्रू पंचांगही चंद्राचं असून सूर्याशी मेळ घालतं, १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतात, आपल्या अधिक मासासारखेच, म्हणजे सण वसंतात राहतो. यंदा २ एप्रिलला हनुमान जयंती आणि आदल्या संध्याकाळी सेदर. गच्चीत जाऊन चंद्र बघा दोघी.

मावशी, मी २२ वर्षांची, जन्म दिमोनाचा, मराठी बोलते पण वाचायला हळू. आजी पेसाहला "अनशी ढाकाचा सण" म्हणायची. आता ती नाही. याचा अर्थ काय?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हे आपलं फार जुनं नाव आहे, हिब्रू नावं आपल्यात नंतर परत आली. अनस म्हणजे आंबट पदार्थाचं भांडं, घरात कायम आंबवलेलं असायचं, आणि ढाकणं म्हणजे झाकणं. ते भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं. पुस्तकं नव्हती, रब्बी नव्हते, हगादा (सेदरला वाचायची पोथी) नव्हती, पण कोकणातल्या बायकांना एवढं माहीत होतं की या दिवसांत आंबलेलं झाकायचं. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी अशी नावं लिहून ठेवली म्हणून टिकली, योम किपूरला दारफळणीचा सण, रोश हशानाला नव्याचा सण, तिशा बाआवला बिरड्याचा सण. जुन्या काळी पेसाहला घराला चुना लावून दारावर बकऱ्याच्या रक्तात बुडवलेल्या हाताचा ठसा असलेला कागद लावायचे, मिसर देशातून सुटकेच्या त्या रात्रीची खूण म्हणून.

मराठीतली हगादा मुंबईत १८४६ ला निघाली आणि पुण्यात १८७४ ला चित्रांची निघाली. पुण्याच्या हगादाचं एक चित्र शोधून बघ, त्यात मत्सा करणाऱ्या बायका आपल्या बायकांसारख्या साडीत जमिनीवर बसल्यात. वाचायला हळू म्हणतेस ना, मग यंदा सेदरला मराठी हगादातलं एकच पान वाच, मा निश्तानाचं, कितीही वेळ लागू दे, घरचे थांबतील. आणि सेदरला एलियाहू हनाबीसाठी (प्रेषित एलियासाठी) दार उघडशील तेव्हा आईला सांग की आजीच्या गावांकडची माणसं समजतात की त्याचा रथ अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर टेकला होता, तिथे खूण दाखवतात.

आजीचे आणखी काही शब्द आठवत असतील, भांड्यांचे, खाण्याचे, प्रार्थनेचे, तर आठवतील तसे लिहून पाठव, शुद्धलेखनाची काळजी करू नकोस. बाकीच्यांनीही पाठवा, पेसाहपासून ओमेरचे ४९ दिवस मोजून शावुओतचा सण येईल तोवर पुढचा अंक लागेल, त्यात छापू.