आधी एक विहीर मोज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी पाच विषय पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "सर, यातला सोपा पण मार्क मिळवून देणारा कुठला?" पाचपैकी चार मी खोडले. 'जागतिक तापमानवाढ : कारणे, परिणाम व उपाय' ही फाईल तर परीक्षक म्हणून मी इतक्या वेळा तपासली आहे की न उघडताच सांगेन. मुखपृष्ठावर दोन तळहातांत धरलेली हिरवी पृथ्वी, आत नेटवरून उतरवलेली पंधरा पानं, शेवटी 'झाडे लावा, झाडे जगवा'. एकदा तिघांच्या फायलींत एकाच ओळीत एकच शुद्धलेखनाची चूक सापडली. तोंडी परीक्षेला तिघांनाही विचारलं, "ध्रुवावरचं बर्फ वितळतंय, मान्य. तुमच्या घरामागच्या ओढ्याला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असतं?" तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

पर्यावरण हा विषय तुझ्या वाट्याला आला त्यामागे एम. सी. मेहता या वकिलांची याचिका आहे. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण सगळ्यांना सक्तीचं करायला सांगितलं. हेतू चांगला होता. पण सक्तीच्या विषयाचं आपल्याकडे जे होतं तेच झालं, स्पायरल बाइंडिंगवाल्याचा धंदा वाढला.

तुझ्या यादीतला पाचवा विषय, 'भूजल पातळीतील घट', वाचवण्यासारखा आहे. फक्त तो फार मोठा आहे, कापून लहान करायला हवा. कोणाची पातळी, कुठली घट, कधीपासून कधीपर्यंत? तू माणदेशातली. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यात तुमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक पेढे वाटतात. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर सिमेंटचा नाला बंधारा आहे, असं तूच मागे सांगितलं होतंस. मग प्रश्न असा कर : बंधाऱ्याच्या खालच्या अंगाच्या दोन विहिरी आणि बंधाऱ्यापासून लांबच्या दोन विहिरी, यांचं पाणी ऑक्टोबर ते मार्च कुठल्या गतीनं खाली जातं? झाला प्रकल्प. परतीचा पाऊस नुकताच गेलाय, विहिरी भरलेल्या आहेत. सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे. कठड्यावर एका ठिकाणी तेलरंगाचा ठिपका दे. दर वेळी टेप त्याच ठिपक्यापासून सोडायची. कठडा सगळीकडे सारख्या उंचीचा कधीच नसतो, आणि चार बोटांचा फरक महिन्याच्या घटीत मिसळला की तुला कळणारही नाही. पोलादी टेप घे, टोकाला वजन बांध आणि खालच्या मीटरभराला कोरडा खडू फास. टेप पाण्यात थोडी बुडेल इतकी सोड, ठिपक्याशी कुठला आकडा आला तो लिही, मग वर ओढ. खडू जिथपर्यंत भिजलाय तिथं स्वच्छ रेघ दिसते. ठिपक्याशी आलेल्या आकड्यातून भिजलेला भाग वजा केला की पाणी किती खाली आहे ते कळतं. नुसता दगड बांधलेली दोरी सोडून 'पाण्याला लागला वाटतं' असं अंदाजानं ठरवू नकोस.

आणि वेळ? इथं पुस्तक कामाला येत नाही, गाव कामाला येतं. शेतीची थ्री-फेज लाईट कधी दिवसा असते, कधी रात्रपाळीला. रात्रभर मोटर चाललेल्या विहिरीत तू सकाळी सातला टेप सोडलीस, तर मोजलास तो उपसा. म्हणून लाईटचं वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि मोटर बंद होऊन निदान काही तास झालेत याची मालकाकडून खात्री करून मगच मोज. आठवड्यातून एकदा, वार ठरवून.

एखाद्या मालकानं मनावर घेतलं तर आणखी एक मजा कर. मोटर बंद केल्याबरोबर पातळी घे आणि मग तासाभरानं पुन्हा घे. समज विहिरीचा व्यास सहा मीटर आहे आणि तासात पाणी ३० सेंटिमीटर चढलं. म्हणजे तासाला साधारण साडेआठ हजार लिटर पाझर. हेच माप जानेवारीत घे, मार्चमध्ये घे. झरे कसे मंदावतात ते डोळ्यांसमोर येईल. आणि विहीर ज्यांनी खोदली ते आजोबा हयात असतील तर त्यांच्याजवळ तासभर बस. किती परसावर (पुरुषभर खोलीचं माप) मुरूम संपला, मांजऱ्या दगड कुठं लागला, काळा पाषाण कुठं, पाणी कुठल्या थरातून फुटलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी वाळूसारखं सगळीकडे सारखं मुरत नाही. ते भेगांत, कुजलेल्या मुरमात, सांध्यांत असतं. म्हणून शेजारच्या दोन विहिरींपैकी एक चैत्रातही दम धरते आणि दुसरी संक्रांतीला खडखडाट.

याचमुळे निष्कर्ष काढताना जीभ आवर. बंधाऱ्याजवळच्या विहिरीवर शाळू असेल आणि लांबच्या विहिरीवर ऊस, तर फरक बंधाऱ्याचा की उसाचा? पीक, एकर, मोटरचा हॉर्सपॉवर, सगळं टिपून ठेव. आणि चार विहिरींवरून 'महाराष्ट्रातील भूजल' असं शीर्षक देऊ नकोस, मी पहिलं पान उलटायच्या आधीच गुण कापेन. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. तुझ्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे मिळाले तर शेजारी ठेवून बघ. जुळले तर आनंद, न जुळले तर जास्त आनंद, कारण मग लिहायला काहीतरी आहे.

तुझ्या मैत्रिणीनंही विषय मागितलाय म्हणतेस. ती पाटणकडची, तिला विहीर देण्यात अर्थ नाही. तिला दगडफूल दे. गोडा मसाला करताना आई परतते ना, तेच काळपट, कुरकुरीत, मातीसारख्या वासाचं. ते फूल नव्हे, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे. त्याला मुळं नाहीत, जे काही घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून. म्हणून हवा बिघडली की ते आधी जातं. विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञानं १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत हेच ओळखलं होतं, तेव्हा हवा मोजायची यंत्रं कुठली असायला! तिनं हमरस्त्यालगतची दहा आंब्याची झाडं आणि रस्त्यापासून आत डोंगराकडची दहा आंब्याची झाडं घ्यावीत, घेर शक्यतो सारखा. जमिनीपासून ठरावीक उंचीवर, खोडाच्या एकाच दिशेला, पारदर्शक प्लॅस्टिकवर आखलेली शंभर चौकटींची जाळी लावायची आणि किती चौकटींत दगडफूल आहे ते मोजायचं. खपलीसारखं चिकटलेलं, पानासारखं, झुपकेदार, असे तीन प्रकार वेगळे लिहायचे. झुपकेदार सगळ्यात नाजूक, खपलीवालं सगळ्यात चिवट. सगळी झाडं एकाच जातीची हवीत, हे तिला दोनदा सांग. साल बदलली की दगडफूल बदलतं आणि दोष जातो बिचाऱ्या ट्रकांना. तुमच्या माणदेशातल्या कोरड्या हवेत मात्र हा नाद करू नकोस, तिथं ते मुळातच कमी.

नदीच्या पाण्याचा विषय तू स्वतःच टाळलास ते बरं झालं. माणगंगा वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवते. पण पाण्यावरून माझी एक फजिती सांगतो. नोकरीला नवीन होतो. कृष्णेला मिळणाऱ्या एका गटाराच्या नाल्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, ते बघायचं होतं. सरबताच्या रिकाम्या बाटलीत अर्धीच बाटली पाणी घेतलं, पिशवीत टाकलं आणि एसटीत बसलो. मागच्या सीटवर. दीड तास बाटली खळखळत आली. प्रयोगशाळेत मोजलं तर लिटरला सात मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन! नाल्याचं पाणी झऱ्यासारखं निघालं. मी दोन दिवस तो आकडा लोकांना कौतुकानं सांगत होतो. मग आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी विचारलं, "सर, ताक घुसळल्यागत हलवून आणलं नव्हं?" अर्ध्या बाटलीत हवा होती, ती हलून पाण्यात विरघळली होती.

दुसऱ्या वेळी काचेची झाकणाची बाटली पाण्याखालीच, बुडबुडा न राहू देता भरली आणि काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातलं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. माझ्या बाटलीत बसला तो पांढराशुभ्र. म्हणजे ऑक्सिजन जवळपास शून्य. पुढं टायट्रेशन करून नेमका आकडा काढायची गरजच उरली नव्हती. तो पांढरा साका मला अजून दिसतो.

विहिरीच्या पाण्याची चव बदलते का, हेही बघायचं असेल तर पेनासारखा टीडीएस मीटर घे, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते सांगणारा, काहीशे रुपयांत येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण हा मीटर जंतू सांगत नाही, नायट्रेट वेगळं काढून दाखवत नाही. फिल्टर विकणारे त्याच मीटरनं बायाबापड्यांना घाबरवतात, तू त्यांच्यात सामील होऊ नकोस. उकिरड्याजवळच्या विहिरीची शंका आली तर नमुना रीतसर प्रयोगशाळेत द्यायचा. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे.

बाकी विषय हवेत तर पडलेत ढीगभर. पत्र्याच्या वर्गात आणि कौलारू वर्गात दुपारी दोनला किती अंशांचा फरक असतो? मिरवणुकीचा आवाज मोबाईलवर मोजण्यात फारसा अर्थ नाही, मोबाईलचा माइक त्यासाठी बनलेला नसतो. फार तर आज आणि उद्या यांची तुलना होईल, कायद्यानं वस्तीत दिवसा ठरवलेल्या ५५ डेसिबलच्या मर्यादेशी नाही.

एक विषय मात्र मी स्वतःसाठी राखून ठेवला होता, तो तुला देतो. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, असं आपले लोक सांगतात. कावळ्यानं घरटं आंब्यावर बांधलं तर पाऊसमान चांगलं, काटेरी झाडावर बांधलं तर दुष्काळ, असंही सांगतात. कोणी मान डोलावतं, कोणी हसतं, मोजत कोणीच नाही. 'फुलला' म्हणजे काय, पहिला घोस की निम्मं झाड? 'पाऊस' म्हणजे वळीव की मृगाचा? हवामान खातं दिवसात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर त्याला पावसाचा दिवस म्हणतं, ती व्याख्या घे. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाच, तेही वाचतात. हे काम या वर्षीच्या फायलीत बसणार नाही, एका वर्षात तर उत्तरच मिळणार नाही. मार्कांचं नाही. तरीही शाळेच्या रस्त्यावरची पाच झाडं ठरवून ठेव.

आता वहीबद्दल. एखाद्या आठवड्यात लग्नाला गेलीस, ताप आला, मोजलं नाही, तर रकाना रिकामा ठेव आणि कारण लिही. मागच्या-पुढच्या आकड्यांची सरासरी काढून भरू नकोस. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानं १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. तेव्हा दहा लाखात ३१५ च्या आसपास भाग होता, आज ४२० च्या वर आहे. १९६४ साली पैसे आटले आणि मोजणी काही काळ बंद पडली. ती फट त्यांनी बुजवली नाही. तुझ्या तापाच्या आठवड्याचं तर काय! आणि एक सांगतो, बनवलेले आकडे परीक्षकाला वासावरून कळतात. ते फार शहाण्यासारखे वागतात. खऱ्या विहिरीचं पाणी डिसेंबरमध्ये एखाद्या आठवड्यात उलट वर येतं, कारण शेजाऱ्यानं पाणी भरायचं थांबवलेलं असतं.

ज्यांची विहीर आहे त्यांना आधी विचार, आणि मार्चमध्ये त्यांच्या विहिरीचा आलेख त्यांनाच दाखवून ये. कॉलेजला फाईल देण्याआधी. 'पोरगी आली, मोजून गेली, पुढं काय झालं कळलं नाही' हे वाक्य मी फार गावांत ऐकलंय, आणि एकदा ते माझ्याबद्दलच होतं.

टेप माझ्याकडे तीस मीटरची आहे, रविवारी येऊन घेऊन जा. विहिरीवर एकटी जायचं नाही, भावाला नाहीतर वडिलांना बरोबर घे. कठडा नसलेली विहीर यादीतून काढून टाक, प्रकल्प तीन विहिरींचा झाला तरी चालेल. पहिल्या चार आकड्यांचा फोटो पाठव, वहीच्या पानाचा, टाईप केलेला नको.

तुझा,
सर

ता. क. : खडू पांढरा नको. ओल्या टेपवर उन्हात नीट दिसत नाही, निळा घे.