टायमिंग ‘पुढे’ घेतले म्हणजे ठिणगी लवकर की उशिरा?

प्रश्न असा आहे: गाडीच्या ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्युनिंग करताना ‘इग्निशन टायमिंग चार अंशांनी ऍडव्हान्स केले’ असे म्हणतात, ते मराठीत ‘चार अंश पुढे घेतले’ असे लिहिले तर चालेल का, आणि गोष्ट वेळेची असताना ती अंशांत का मोजतात?

उत्तरार्ध आधी घेतो, कारण शब्दाची निवड त्यावर अवलंबून आहे. स्पार्क प्लगची ठिणगी पडताच सिलिंडरमधले मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाला पसरून दाब शिखरावर पोहोचायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तो शिखरदाब पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, पोहोचून गेल्यावर क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा) आणखी सुमारे पंधरा अंश फिरल्यावर मिळाला तर उपयोगी पडतो. म्हणून ठिणगी बहुतेक वेळा टीडीसीच्या आधीच टाकावी लागते. किती आधी, हे वेळेत सांगून भागत नाही. मिनिटाला 1000 फेरे असताना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात 6 अंश फिरतो, तर 6000 फेऱ्यांना तेवढ्याच वेळात 36 अंश. पिस्टन कुठे आहे हे कोनावरून कळते, त्यामुळे ईसीयूच्या तक्त्यात एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार आणि प्रत्येक चौकटीत टीडीसीपूर्वीचे अंश असतात.

आता ‘पुढे’. हा शब्द इथे धोक्याचा आहे. घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल तर त्याचे ठोके लवकर पडतात, पण परीक्षा पाच दिवस पुढे गेली तर ती उशिरा होते. गॅरेजमध्ये कारागीर समोर असतो, हाताने डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणारा भाग) फिरवून दाखवतो, तिथे ‘जरा पुढे घे’ म्हटले तरी घोटाळा होत नाही. प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडरच्या काळात टायमिंग असेच जुळवले जाई. लेखी मजकुरात मात्र वाचक उलटा अर्थ घेऊ शकतो, आणि इथे उलटा अर्थ महागात पडतो: ठिणगी फार लवकर पडली तर नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधल्या उरलेल्या मिश्रणाचे आपोआप झटक्याने पेटणे, सुरू होते आणि ते चालूच राहिले तर पिस्टनला इजा होते.

शासकीय वळणाचे ‘अग्रिम’ मला पटत नाही. तो शब्द आगाऊ मिळालेल्या पैशांना चिकटलेला आहे. ‘ऍडव्हान्स’ आणि ‘रिटार्ड’ हे शब्द खुशाल ठेवावेत, पण पहिल्या उल्लेखाला ‘ठिणगी चार अंश लवकर’ किंवा ‘चार अंश उशिरा’ असे स्पष्ट करावे. ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ यांचा दोन तऱ्हांनी अर्थ लागत नाही. ‘टायमिंग वाढवले’ हेही बोलण्यात चालते, कारण तक्त्यातला आकडा खरोखरच वाढतो. फक्त त्यातून टायमिंग वाढवले की ताकद वाढलीच, असा समज होऊ नये. सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देणाऱ्या बिंदूपलीकडे ठिणगी आणखी लवकर टाकली तर पिस्टन वर चढत असतानाच दाब त्याला खाली रेटू लागतो आणि टॉर्क घटतो.

‘रिटार्ड’चा आणखी एक गुंता आहे. नॉक सेन्सरने धोका ओळखल्यावर ईसीयू 24 अंशांचे टायमिंग चार अंशांनी रिटार्ड करतो, तेव्हा ठिणगी टीडीसीनंतर पडते असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात ती 20 अंशांवर, म्हणजे अजूनही टीडीसीच्या बरीच आधी पडते. ‘उशिरा’ आहे ते फक्त मूळ आकड्याच्या तुलनेत. म्हणून लिहिताना बदल आणि स्थान ही दोन्ही सांगावीत: ‘ठिणगी चार अंश उशिरा केली, आता ती टीडीसीच्या 20 अंश आधी पडते.’