कथेतील कृष्णवर्णीय पात्रांना चाहते वेगळी वागणूक देतात का?

होय, देतात, मात्र ती नेहमी उघड द्वेषातून दिसते असे नाही, सहानुभूती कोणाच्या वाट्याला येते यातूनही दिसते. ‘द हंगर गेम्स’ या 2008 सालच्या कादंबरीत रू या बारा वर्षांच्या मुलीची त्वचा गडद तपकिरी असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही 2012 साली चित्रपटात अमांडला स्टेनबर्ग ही भूमिका करताना दिसली, तेव्हा अनेक वाचकांनी ट्विटरवर नाराजी व्यक्त केली आणि एकाने तर, ती कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर तिच्या मृत्यूचे तितकेसे दुःख झाले नाही, असेही लिहून टाकले. वर्णन डोळ्यांखालून गेले होते, पण निरागस मुलगी गोरीच असणार, हे मनाने आधीच ठरवले होते.

‘स्टार वॉर्स’चे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. 2015 च्या चित्रपटात फिन हा कृष्णवर्णीय तरुण प्रमुख नायकांपैकी एक, लहानपणीच कुटुंबापासून तोडलेला. पण चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या कथांमध्ये पित्याची हत्या करणाऱ्या कायलो रेन या गोऱ्या खलनायकाच्या वेदनेवर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी फिनच्या वाट्याला आली नाही. ‘ही माझी वैयक्तिक आवड आहे’ हा युक्तिवाद एका चाहत्यापुरता मान्य करता येईल. हजारोंची आवड एकाच दिशेला झुकते तेव्हा तो अपुरा पडतो. अर्थात सारा दोष चाहत्यांच्या माथी मारणेही योग्य नाही: कृष्णवर्णीय पात्राला जाहिरातीत महत्त्व देऊन पुढे बाजूला सारू नका, असे खुद्द फिन साकारणाऱ्या जॉन बोयेगा यांनी 2020 मध्ये ‘स्टार वॉर्स’ची मालक कंपनी डिस्नेला जाहीरपणे सुनावले होते.