व्यवसायनीती शिकायला नेदरलँड्सला यावे का : पीथमपूरच्या एका लेखापालास उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही इंदूरचे, देवी अहिल्या विश्वविद्यालयातून एम.कॉम. झालेले आणि सध्या जवळच्याच पीथमपूर या औद्योगिक गावातल्या एका औषध कंपनीत लेखा विभागात नोकरीला आहात; पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी यांच्यासह नेदरलँड्सला येऊन व्यवसायातील नीतिशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा का, आणि केलाच तर त्याचे पुढे काय होते. मीही इंदूरचीच. राजेंद्र नगरात वाढले, काही वर्षे एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवले, हाच विषय शिकायला इकडे आले आणि आता ॲमस्टरडॅमच्या एका बँकेत नियमपालनाच्या विभागात काम करते. व्हिसा, शुल्क, इंग्रजीची परीक्षा आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारे वर्ष यांची माहिती संकेतस्थळांवर नेटकी दिलेली आहे. ती मी पुन्हा उतरवून काढत नाही.

विषयापासून सुरुवात करते, कारण बहुतेक जण आधी देश ठरवतात आणि विषयाकडे प्रवेश मिळाल्यावर पाहतात. अभ्यासक्रमाचा सांगाडा सगळीकडे साधारण सारखाच असतो. आधी ॲरिस्टॉटल, कांट, मिल आणि रॉल्स हे तत्त्वज्ञ. मग अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा सप्टेंबर १९७० मधला लेख, ज्यात कायद्याच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी असल्याचे त्यांनी ठासून मांडले; आणि त्याच्या विरुद्ध बाजूला एडवर्ड फ्रीमन यांची १९८४ ची मांडणी, जी भागधारकांच्या जोडीला कामगार, गिऱ्हाईक, पुरवठादार आणि कारखान्याच्या आसपासची वस्ती यांनाही हिशेबात धरते. त्यानंतर एन्रॉनचा हिशेबातला घोटाळा, फोक्सवॅगनने गाड्यांच्या धूरचाचणीत केलेली फसवणूक आणि या देशाचा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे शेल ही तेल कंपनी. हेगच्या जिल्हा न्यायालयाने मे २०२१ मध्ये शेलला २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत कर्ब उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवण्याचा आदेश दिला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने उत्सर्जन घटवण्याचे कर्तव्य मान्य करूनही तो आकडा रद्द केला. कंपनीचे कर्तव्य आहे, पण ते किती हे न्यायालय सांगू शकत नाही, या एका मुद्द्यावर वर्ग तासन्‌तास भांडू शकतो, आणि शिक्षक उत्तर न देता उठून जातो. इंदूरला मी हाच विषय नीतीची व्याख्या, वैशिष्ट्ये व महत्त्व अशा क्रमाने शिकवत असे, त्यामुळे ही चैन मला फार आवडली हे प्रांजळपणे सांगते.

तरीही इंदूरच्या त्या वर्गातला एक प्रश्न मला इथे कुठे बसवता आला नाही. सत्यम या संगणक कंपनीच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेब फुगवल्याची कबुली देणारे पत्र लिहिले, ते प्रकरण मी वर्गात घेतले होते. राजूंविषयी कोणाला फारसे कुतूहल नव्हते. अर्धा वर्ग सनदी लेखापालांकडे उमेदवारी करणारा होता, त्यांना लेखापरीक्षकांचे काय झाले हे हवे होते. आणि मागच्या बाकावरच्या एकाने, ज्याच्या घरचे सियागंजात किराण्याचे ठोक दुकान होते, विचारले की कच्च्या बिलावर माल विकणारा दुकानदार जास्त दोषी की पक्के बिल नको म्हणणारे गिऱ्हाईक, आणि दोघांचे बिल ज्याच्या मेहनतीतून निघते त्या हमालाला या प्रश्नात काही जागा आहे का. त्यावर मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. पण इकडच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच प्रश्न असतो : तुम्ही व्यवस्थापक असता तर काय केले असते? हमाल असता तर, कारखान्याच्या भिंतीला लागून राहत असता तर, असे कोणी विचारत नाही. तुम्ही पीथमपूरला नोकरी करता, म्हणून हे मुद्दाम सांगते.

१९८४ ची भोपाळची वायुदुर्घटना हे या अभ्यासक्रमातले ठरलेले प्रकरण आहे. आमच्या तासाला वर्गाचे गट पाडले होते. एका गटाने युनियन कार्बाइडचे संचालक व्हायचे, दुसऱ्याने भारत सरकार, तिसऱ्याने पीडित. मी भारतीय, शिवाय मध्य प्रदेशची, म्हणून मला न विचारताच पीडितांमध्ये बसवण्यात आले. त्यात दुष्ट हेतू मुळीच नव्हता. संचालकांच्या गटाने तक्ते काढून सुंदर मांडणी केली; १९८९ चा ४७ कोटी डॉलरचा समझोता तत्कालीन परिस्थितीत वाजवी कसा होता, हेही एका मुलीने मुद्देसूद सांगितले. आमच्या गटाला दहा मिनिटे मिळाली. भोपाळ इंदूरहून दोनशे किलोमीटरही नाही, आमच्या चाळीतल्या एका काकूंचे माहेर जुन्या भोपाळचे, आणि त्या रात्रीविषयी त्या कधीच बोलत नसत. हे मी वर्गात सांगितले नाही, कारण ते युक्तिवादात मोडले नसते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, त्याच कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून रातोरात पीथमपूरला आणला गेला, ३ जानेवारीला तिथे बंद पाळला गेला, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला, आणि पुढे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली तो कचरा तिथल्या भट्टीत जाळण्यात आला. हे तुम्ही तिथे राहून पाहिले आहे. मी इथल्या स्वयंपाकघरात फोनवर वाचले. इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागर तलावाचे काय होणार, हा माझ्या आईचा प्रश्न होता. इकडच्या वर्गात याच्या जोडीला ठेवण्यासारखे प्रकरण याच शहराचे आहे. २००६ साली ट्रॅफिगुरा कंपनीने भाड्याने घेतलेले प्रोबो कोआला हे जहाज घाणेरडा तेलकट कचरा घेऊन ॲमस्टरडॅम बंदरात आले. तो निकामी करण्याचा खर्च फार होतो म्हटल्यावर कचरा परत जहाजात भरला गेला, आणि ऑगस्टमध्ये तो आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात ठिकठिकाणी ओतला गेला. डच न्यायालयाने २०१० मध्ये कंपनीला दहा लाख युरोचा दंड केला. कचरा शेवटी कोणाच्या दारात जातो आणि त्या दारातल्या माणसाला कोण विचारते, हा या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते, आणि तो तुम्हाला शिकवला जाणार नाही, तुम्हालाच वर्गात न्यावा लागेल.

आता कागदपत्रे. नियम तुम्हाला माहीत असतील : जन्मदाखल्यावर आधी राज्य सरकारची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, आणि इथे आल्यावर नगरपालिकेच्या नोंदवहीत नाव. नियमात आपल्या घरांतल्या नावांचा विचार केलेला नसतो. माझी पदवी आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून सासरचे नाव. आडनावासकट माझे पहिले नावही वेगळे. इथल्या कारकुनाने, अतिशय नम्रपणे, विचारले की ही दुसरी बाई कोण. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेल्या नावाला अपोस्टिल मिळत नाही, हे त्याला कसे समजावणार? दाखल्यात दुरुस्ती करायची म्हणून अर्ज तिकडच्या एका कार्यालयात गेला, आणि दाराशी उभ्या असलेल्या दलालाने माझ्या यजमानांना सरळ भाव सांगितला : चहापाण्याचे एवढे द्या, आठवड्यात काम होईल. मध्य प्रदेशात लोकसेवांच्या हमीचा कायदा २०१० पासून आहे, देशातला तसा पहिलाच, आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंडही त्यात आहे. आम्ही त्या कायद्याच्या भरवशावर राहिलो. मी नीतिशास्त्र शिकायला आले होते. पहिल्याच सत्रात लाच देऊन मुलीचा कागद सोडवायचा, हे मला अशक्य होते. यजमान म्हणाले, तू तिथे आहेस, रांगेत मी आहे. त्यांचे म्हणणे मला तेव्हा टोचले आणि अजून टोचते. मुलगी आणि ते जवळजवळ एक शाळकरी वर्ष उशिरा आले.

त्या वर्षाचा हिशेब पुढे शाळेने मांडला. इथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात, म्हणजे बाराव्या वर्षाच्या आसपास, शिक्षक मुलाला पुढची शाखा सुचवतात : व्यावसायिक शिक्षणाची, मधली, किंवा विद्यापीठाकडे नेणारी. आमची मुलगी गणितात वर्गाच्या पुढे होती, पण तिचे डच अजून अडखळत होते. आम्हाला कॉफी दिली गेली, आलेख दाखवले गेले, आणि हसतमुख बाईंनी सांगितले की व्यावसायिक शाखेत ती आनंदी राहील. त्याच वर्गात होणाऱ्या परीक्षेचा निकाल सुचवणीपेक्षा वरचा आला. शाळेने नियमाप्रमाणे फेरविचार केला आणि नियमाप्रमाणेच आपले मत कायम ठेवले. प्रक्रिया पूर्ण, हेतू स्वच्छ, सर्वांचे ऐकून घेतलेले. प्रक्रियात्मक न्यायावर, म्हणजे निर्णयाची पद्धत रास्त असली की निर्णयही न्याय्य ठरतो या कल्पनेवर, मी त्याच वर्षी निबंध लिहिला होता आणि त्यात मला उत्तम गुण होते, त्यामुळे त्या बैठकीत नेमकी चूक कुठे दाखवायची हे मला सुचेना. २०२३-२४ पासून नियम बदलला आहे. परीक्षेत वरचा निकाल आला तर सुचवणी वाढवणे हा आता सर्वसाधारण नियम आहे, आणि तुमच्या मुलीला त्याचा फायदा होईल. आमची मुलगी एकेक पायरी चढत विद्यापीठाच्या वाटेवर आली आहे, वर्षे मात्र जास्त लागली. तिला तिकडच्या कार्यालयातल्या दलालाची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. निर्णय माझा होता आणि किंमत तिची होती. आज तोच दलाल समोर आला तर पैसे देईन की नाही, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

म्हणून तुम्हाला व्यवहाराचे सांगायचे ते हे : घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, विवाहाची नोंद आणि पासपोर्ट आजच शेजारी ठेवून नावे ताडून पाहा, आणि दुरुस्ती असेल तर प्रवेशाचा अर्ज करण्याआधी तिला हात घाला. कुटुंब एकत्रच आणा. मुलीला इंदूरला असतानाच डच शिकवायला लावा, इंग्रजी नव्हे.

एकटेपणाविषयी पत्नीने विचारायला सांगितले आहे असे तुम्ही लिहिता. असतो. पहिल्या हिवाळ्यात जास्त, मग कामे अंगावर पडतात. जीरावन, आपला पोह्यांवरचा मसाला, भरपूर आणा. याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात नाही.

नोकरीचे म्हणाल, तर ‘नीतितज्ज्ञ’ अशी जागा सहसा निघत नाही. निघते ती नियमपालनाची, जोखमीची, शाश्वततेच्या अहवालांची. या देशात एप्रिल २०१५ पासून बँकेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला सचोटीची शपथ घ्यावी लागते. मीही उभी राहून, वरिष्ठांसमोर, ती घेतली आणि लगेच जेवणाची सुट्टी झाली. माझे काम मुख्यतः संशयास्पद व्यवहारांच्या याद्या तपासण्याचे आहे. त्यात परदेशी नावांचे लोक जास्त येतात, आणि एकच माणूस दोन नावांनी दिसला की यंत्रणा लाल खूण करते. असे एखादे आपल्याकडचे बाईचे नाव समोर आले की मी ते दोनदा वाचते; सहकाऱ्यांना त्याचे कारण सांगत बसत नाही. पगार ठीक आहे. ज्या प्रश्नांसाठी मी आले ते कामात आठवड्यातून एखाद्या तासापुरते भेटतात.

इंदूर न सोडताही हा विषय करता येतो का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. भारतीय प्रबंध संस्थान, इंदूर, राऊ–पीथमपूर रस्त्यावरच आहे. तुम्ही कामाला जाता त्याच बाजूला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात, आणि त्या रकमेचा हिशेब तुमच्यासारखाच कोणी लेखा विभागातला माणूस लिहितो. त्या दोन टक्क्यांतून भिंतीपलीकडच्या वस्तीला काय मिळाले, हे तपासणारा अभ्यास इथे बसून कोणाला करता येणार नाही.

इतके असूनही यायचेच ठरवलेत तर या. मी अडवणार नाही, आणि वाचनासाठी व वादासाठी हे वर्ष उत्तम जाते. प्रवेशासाठी जे हेतुपत्र लिहावे लागते त्याची सुरुवात फ्रीडमनने करू नका, निवड करणाऱ्यांनी ते नाव पुष्कळ वाचले आहे. ३ जानेवारी २०२५ ला पीथमपूर बंद असताना तुमच्या कंपनीचे दार उघडे होते की नाही, तुम्ही कामावर गेलात का, आणि त्या दिवसाचा पगार कोणाचा कापला गेला, हे दोन पानांत लिहा. मसुदा मराठीत पाठवलात तरी वाचेन.